मावळातील सायकलींचे दिवस

पंचांगाप्रमाणे वसंत चैत्रात येतो. मावळात मात्र त्याची चाहूल माघाच्या अखेरीसच लागते. इंद्रायणीकाठचे धुके लवकर विरू लागते, माळावरचा पळस पेटतो आणि कामशेत, वडगाव, तळेगावच्या स्थानकांकडे निघालेल्या सायकलस्वारांच्या कानांभोवतीचा मफलर हळूहळू गळ्यात उतरतो. 'होळी जळाली, थंडी पळाली' ही म्हण या खोऱ्यात बहुतेक वर्षी खरी ठरते. लोणावळ्याचा पाऊस छत्रीलाही जुमानत नाही, मग सायकलीची काय कथा! म्हणूनच हे मधले आठवडे सायकलीने कामावर वा शाळेत जाणाऱ्यांना वर्षातील सर्वांत सुखाचे वाटावेत.

ते तसे पूर्णपणे वाटत नाहीत, याचे एक कारण निसर्गात आहे. पठार तापू लागले की समुद्रावरची हवा घाट चढून दुपारनंतर पश्चिमेकडून वाहू लागते. सकाळी तळेगावकडे सहज गेलेला कारकून किंवा कामगार संध्याकाळी कामशेतकडे परतताना याच वाऱ्याशी झुंजतो. दिवसभराचा शीण, वर समोरचा वारा. पण याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. वारा हा काही सरकारी खात्याच्या अखत्यारीतला विषय नव्हे.

दुसरे कारण मात्र सर्वस्वी मानवनिर्मित आहे. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल गाड्या सुरू झाल्या आणि मावळातील माणसाला गाव न सोडता पिंपरी-चिंचवडची, पुण्याची नोकरी करता येऊ लागली. परंतु लोकल स्थानकापर्यंतच येते. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ येथील वाड्यावस्त्यांपासून स्थानकापर्यंतचे अंतर ज्याचे त्याने कापायचे. मोटारसायकलीचा हप्ता ज्याला परवडत नाही, त्याच्यापुढे पायपीट, वेळेवर न येणारी जीप वा सायकल एवढेच पर्याय उरतात. शाळेत जाणाऱ्या मुलीपुढे तर तेवढेही उरत नाहीत.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तो याच तालुक्यातून जातो, पण त्यावर सायकलीला मज्जाव आहे. वेगाचा विचार करता ते योग्यच म्हणावे लागेल. अडचण अशी की सायकलीसाठी जो जुना महामार्ग उरला, त्यावरही तिला जागा नाही. डांबराची कड तुटलेली, खाली खडी आणि शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या थंड हवेकडे धावणाऱ्या मोटारींची रांग. मागून ट्रकचा भोंगा वाजला की सायकलस्वाराने त्या कडेवरून खाली उतरायचे, हाच येथील वाहतुकीचा अलिखित नियम! अंधारात ही कड दिसत नाही, आणि परतीची वेळ बहुधा अंधाराचीच असते.

विशेष म्हणजे सायकलीचे कौतुक या प्रदेशाला नवे नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणारा 'घाटाचा राजा' म्हणून गौरविला जातो, त्याला टाळ्या देण्यासाठी लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. रोज दहा-बारा किलोमीटर जाऊन येणाऱ्या शिपायाला वा विद्यार्थ्याला टाळ्या नकोत. हातभर रस्ता हवा. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्याच्या महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याची अंमलबजावणी कितपत झाली हे पुणेकरच सांगोत! तथापि शहराला निदान आराखडा तरी मिळाला. सायकलीचा विचार जणू नगरवासीयांच्या आरोग्यापुरताच करायचा असतो, अशी समजूत रूढ झालेली दिसते. बिहार सरकारने २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्यास आरंभ केला, तेव्हा डोळ्यांसमोर ठेवले होते ते खेडे आणि तेथील शाळेचे अंतर.

मावळाची गरज याहून लहान आहे. सायकली लोकांनी स्वतःच घेतल्या आहेत. जुन्या महामार्गाच्या व स्थानकाकडे येणाऱ्या रस्त्यांच्या कडेला आखलेली, खडीमुक्त पट्टी आणि प्रत्येक स्थानकाबाहेर छप्पर असलेला, माफक दराचा सायकल स्टँड, एवढेच मागणे आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत येतात, त्यामुळे रस्त्यावरील सायकलींत परीक्षार्थींचीही भर पडते. गावरस्ते पाहणाऱ्या जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रकही मार्चमध्येच मंजूर होते. जूनमध्ये पाऊस घाट ओलांडून आला की डांबराचे काम पुढे चार महिने थांबते; तेव्हा या पट्टीसाठी तरतूद व्हायची तर ती याच महिन्यात व्हावी लागेल.