व्हॅन गॉग : एका आडनावाची कुळकथा

माझे आडनाव ज्या गावावरून पडले ते गाव मी अजून पाहिलेले नाही. आजोबा तेथून पोट भरायला निघाले. पुढे वडिलांना शाळेत घालताना गुरुजींनी विचारले, "कोठले तुम्ही?" आजोबांनी सांगितलेल्या गावाला त्यांनी 'कर' जोडला, रजिस्टरात लिहिले, आणि झाले आमचे आडनाव! म्हणूनच की काय, ग्रंथालयात व्हिन्सेंट व्हॅन गॉगवरचे पुस्तक हाती आले तेव्हा चित्रांआधी माझे लक्ष त्याच्या आडनावाकडे गेले.

डच भाषेतला 'व्हॅन' म्हणजे आपला 'कर'च. तो फक्त गावाच्या आधी येतो. जर्मन 'फॉन' बहुधा खानदानीपणाची खूण मानतात. डच 'व्हॅन'ला तसला तोरा नाही. हॉलंडात आडनावांची यादी लावताना तो जमेसही धरत नाहीत. व्हॅन गॉग सापडायचा तो 'ग'मध्ये.

१८१० साली नेपोलियनने हॉलंड फ्रान्सला जोडले आणि १८ ऑगस्ट १८११ च्या हुकमाने ज्यांना कायम आडनाव नव्हते त्यांना ते नोंदविणे भाग पाडले. तेव्हा लोकांनी थट्टेने वाटेल ती नावे लिहिली, अशी तिकडे दंतकथा आहे. पण त्यांतले 'नाक्टगेबोरेन', म्हणजे 'नागडा जन्मलेला', हे नाव त्या हुकमाच्या आधीचेच निघते!

व्हॅन गॉगांना मात्र कारकुनापुढे उभे राहावे लागले नाही. त्यांचे नाव फार जुने. जर्मनीत, डच सरहद्दीजवळ, गॉख नावाचे लहानसे शहर आहे; त्यावरूनच ते आले असावे. व्हिन्सेंटची भावजय योहाना हिने १९१४ साली त्याची पत्रे छापली. तिने प्रस्तावनेत लिहिले आहे की, सोळाव्या शतकातच हे घराणे हॉलंडात स्थिरावले होते. पुढे कोणी सरकारी खजिनदार झाला, कोणी धर्मोपदेशक. मग दिवस फिरले आणि हेग शहरात सोन्याची तार ओढण्याचा धंदा करावा लागला. या तारवाल्यांची पिढी मला फार जवळची वाटली. व्हिन्सेंटचे आजोबा आणि वडील पुन्हा धर्मोपदेशक झाले.

आणि इतके जुने आडनाव व्हिन्सेंटने चित्रावर घातलेच नाही! हॉलंडात त्याचा उच्चार 'फान खोख' असा, घसा खरवडून करतात. फ्रेंचांना तो जमेना. म्हणून मार्च १८८८ मध्ये त्याने धाकटा भाऊ थिओ याला कळविले की, प्रदर्शनाच्या यादीतही आपले नाव चित्रावर असते तसे नुसते 'व्हिन्सेंट' छापावे. (हजेरी घेताना माझ्या आडनावाचे जे होते ते वर्गबंधूंना ठाऊक आहेच, पण म्हणून ते गाळावे असे मला अजून वाटलेले नाही.)

१८९० साली तो वारला. फ्रान्समध्ये ओव्हेर गावी दोघा भावांच्या समाध्या शेजारीशेजारी आहेत. त्या दगडांवर मात्र आडनाव पुरते कोरलेले आहे.