तारा तांबडा कीं निळा ?

बालाघाटाच्या पठारावर पौषांतील अमावास्येची रात्र ज्यांनीं उघड्यावर काढली आहे, त्यांस तेथील आकाशाचें वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. बीड जिल्ह्याच्या बाबतींत पर्जन्यानें नेहमींच हात आंखडता घेतला. परंतु त्याच कोरडेपणामुळें कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत बहुतेक रात्री निरभ्र जातात. आमचें गांव पाटोदें तालुक्यांत आहे. दिवाळी सरते न सरते तोंच गांवांतील कितीतरी कुटुंबें ऊसतोडीसाठीं साखर कारखान्यांकडे निघून जातात, घरोघरचे दिवे मालवतात आणि काळोख अधिकच दाट होतो. हा काळोख कोणाच्या कष्टांनीं विकत घेतलेला आहे हें ठाऊक असल्यामुळें त्याची स्तुति करतांना मला मनांतून संकोच वाटतो; पण ताऱ्यांचीं छायाचित्रें घेणारास तो उपकारक आहे, हें नाकबूल कसें करावें ?

गेल्या हिवाळ्यांत मीं या कामासाठीं एक रंगीत कॅमेरा घेतला. घेतला म्हणजे आमच्या एकत्र कुटुंबाच्या पेटींतून घेतला. सीताफळांच्या बागेचे पैसे आले होते, आणि थोरल्या काकांचा शब्द मोडण्याची घरांत कोणाची छाती नाहीं. धाकट्या काकांचें म्हणणें असें, कीं आधीं बोअरची मोटर दुरुस्त करून घ्यावी. आणि तें चुकीचें होतें असें मी म्हणणार नाहीं. अखेर तडजोड अशी ठरली, कीं दुकानदारानें माल परत घेण्यास दहा दिवसांची मुदत दिली आहे, तेवढ्यांत यंत्राची कसून परीक्षा करावी. रतिभर खोट आढळली तरी तें परत पाठवून मोटरीचें काम हातीं घ्यावें.

थोरल्या काकांनीं हायस्कुलांत तीस-पस्तीस वर्षें गणित शिकविलें. आमच्या घरांतील दोन पिढ्यांस नक्षत्रें दाखविलीं तीं त्यांनींच. गेल्या पांच-सहा वर्षांत त्यांच्या डोळ्यांतील पडद्याचा मधला भाग निकामी झाला. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांस दिसत नाहीं. मान वळवून कडेनें पाहिलें, तर मोठ्या वस्तूचा आकार व रंग तेवढा कळतो. तारे तर केव्हांच मावळले. कॅमेऱ्यासाठीं त्यांनीं आपला शब्द कां खर्चीं घातला, हें कोणीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींही सांगितलें नाहीं.

आकाशाचें छायाचित्रण या मुलुखाला अगदींच नवें आहे असें मात्र समजूं नये. 22 जानेवारी 1898 रोजीं झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं आमच्या नैर्ऋत्येस करमाळें तालुक्यांतील जेऊर येथें देशोदेशींचे ज्योतिषी तळ देऊन राहिले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला तेथें होते. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनीं तर 40 फूट लांबीचा कॅमेरा उभा केला होता. सुमारें दोन मिनिटांच्या काळोखासाठीं केवढी ही सिद्धता ! जेऊरहून ईशान्येकडे सरकलेली ती छाया याच बालाघाटावरून पुढें वऱ्हाडांत गेली. तिच्या खालीं उभ्या असलेल्या आमच्या पणजोबांनीं त्या वेळीं स्नान व जप केला असेल. छायाचित्राची कल्पना त्यांस असण्याचें कारण नव्हतें.

दुसरा धागा हैदराबादेकडे जातो. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत बीड निजामाच्या राज्यांत होतें, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्या राज्यांत नवाब जफर जंग यांनीं 1901 मध्यें एक वेधशाळा काढली. पुढें ती सरकारनें आपल्याकडे घेतली, आणि बेगमपेठेंत तिची आठ इंची छायाचित्र-दुर्बीण काम करूं लागली. सर्व आकाशाचा छायाचित्रांनीं नकाशा करण्याचा जो संकल्प 1887 मध्यें पॅरिसच्या परिषदेंत सोडण्यांत आला होता, त्यांतील दक्षिण क्रांति 17 ते 23 अंशांचा पट्टा आधीं चिलीमधील सांत्यागोच्या वेधशाळेकडे होता. तें काम तेथें तडीस न गेल्यामुळें तो पट्टा हैदराबादेस मिळाला. आमचे आजोबा हैदराबादेंत शिकत असतां ती वेधशाळा पाहून आले होते. कांचेच्या तावदानावर एकेक तारा म्हणजे शाईचा एकेक काळा ठिपका, असें ते सांगत, आणि थोरल्या काकांस तें वाक्य अजून आठवतें. ठिपक्याच्या आकारावरून ताऱ्याचें तेज मोजतां येई. रंगाचा मात्र त्यांत मागमूस नसे.

आतां रंग येतो कसा तें सांगतों. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणारे लक्षावधि बारीक चौकोन असतात. माझ्या कॅमेऱ्यांत ते आडवे 3008 व उभे 3008 असे सुमारें 90 लाख आहेत, आणि प्रत्येकाची रुंदी 3.76 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें अडीचशेव्या भागाएवढी. हे चौकोन स्वतः रंगान्ध असतात. त्यांच्या डोक्यावर, रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणें ओळीनें, तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांचीं सूक्ष्म झांकणें बसविलेलीं असतात. दर चार चौकोनांत दोन हिरवीं, एक तांबडें, एक निळें. ही योजना कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर यांची, आणि तिचें पेटंट 1976 चें. प्रत्येक चौकोन एकच रंग मोजतो. उरलेले दोन संगणक शेजाऱ्यांकडून अंदाजानें भरून काढतो. म्हणजे रंगीत चित्राचा बराचसा भाग हा गणित आहे, आणि गणितास चुकीची राशि दिली कीं उत्तर चुकणारच. याचा अनुभव पुढें येणार होता.

जाणकार मंडळी म्हणतात, कीं एकरंगी कॅमेरा व त्यापुढें पाळीपाळीनें लावावयाच्या रंगीत कांचा हीच उत्तम रीति. तें खरें आहे. सूक्ष्म तपशील तींत अधिक मिळतो. परंतु तिला तिप्पट-चौपट खटाटोप लागतो, आणि ज्याला सकाळीं सात वाजतां बागेंत पाणी सोडावयाचें आहे, त्यानें रंगीतच घ्यावा असें माझें मत आहे.

पहिली परीक्षा झांकण घालून करावयाची असते. प्रकाश मुळींच नसतांना कॅमेरा काय टिपतो, हें पाहिलें म्हणजे त्याचे उपजत दोष कळतात. सेन्सर गरम असला तर उष्णतेनेंच त्यांत खोटे ठिपके उमटतात. तपमान सुमारें सहा अंशांनीं उतरलें, कीं हा उपद्रव निम्म्यावर येतो. म्हणून कॅमेऱ्यास विजेवर चालणारें शीतक जोडलेलें असतें. तें बाहेरच्या हवेपेक्षां सुमारें 35 अंशांपर्यंत खालीं जाऊं शकतें. पौषांत शून्याखालीं 15 अंश सहज मिळतील, पण वैशाखांतील रात्रीं तें जमणार नाहीं. आणि वर्षभर एकच तपमान ठेविलें, तर एकदां घेतलेलीं कृष्णचित्रें पुनःपुन्हां वजाबाकीस उपयोगी पडतात. असा विचार करून मीं शून्य अंश कायम केले.

पहिल्याच दिवशीं दुपारीं माजघरांत बसून साठ-साठ सेकंदांचीं वीस कृष्णचित्रें घेतलीं, आणि उजव्या कडेस एक धुरकट उजेड दिसला ! झांकण घट्ट होतें. पुन्हां घेतलीं, उजेड तेथेंच. धाकटे काका दारांत उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत. पण त्यांच्या डोळ्यांपुढें मोटर फिरूं लागली असावी. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षांत आलें, कीं तो उजेड खिडकीच्या बाजूसच होता. काळें प्लॅस्टिक आपल्या डोळ्यांस अपारदर्शक वाटतें, परंतु सेन्सरला जाणवणारे उपारुण किरण त्यांतून आरपार जाऊं शकतात. सकाळीं वहिनींकडून पोळ्या गुंडाळण्याचा चकचकीत कागद मागून घेतला, कॅमेरा त्यांत लपेटला आणि धान्याच्या कोठींत ठेविला. वीसही चित्रें स्वच्छ निघालीं. चार-पांचशें तापट ठिपके होते खरे, पण नव्वद लाखांत ते कांहींच नव्हेत, आणि वजाबाकींत ते निघून जातात.

दुसरें काम गच्चीवरचें. माझी दुर्बीण 400 मिलिमीटर केंद्रांतराची. तिला कॅमेरा जोडला म्हणजे आकाशाचा सुमारें 1.6 अंशांचा चौरस तुकडा दिसतो. दुर्बिणीचा आंस ध्रुवाकडे रोखावा लागतो. आमच्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून अवघा 19 अंश वर, त्यांतून त्या बाजूस पवनचक्क्यांचे तांबडे दिवे. शोधण्यांत घटकाभर गेली. ताऱ्याचा ठिपका नेमका सूक्ष्म करण्यासाठीं पावेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी खगोलप्रेमीनें 2005 मध्यें एक सोपी युक्ति काढली: तीन दिशांच्या चिरा पाडलेली एक चकती दुर्बिणीच्या तोंडावर बसवावयाची. ताऱ्यास तीन लांब किरण फुटतात, आणि मधला किरण बाकीच्या दोहोंच्या बरोबर मध्यें आला कीं काम झालें. आमच्या पुतणीनें ती चकती साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यांतून कापून दिली. विकतची याहून सरस असेल असें मला वाटत नाहीं.

दोन रात्री फुकट गेल्या. कॅमेरा मध्येंच बंद पडे. तिसऱ्या रात्रीं समजलें, कीं बॅटरी खालीं जिन्यांत ठेवून मीं जी लांब व बारीक तार वर आणली होती, तिच्यांतच 12 व्होल्टांतील दीड-दोन व्होल्ट खर्ची पडत होते. जाड व आंखूड तार घेतली; तक्रार मिटली.

सहावा दिवस उजाडला. त्या रात्रीं रंगांची परीक्षा करावयाची होती. मृगांतील काक्षी हा तांबूस तारा व राजन्य हा निळसर पांढरा तारा. नुसत्या डोळ्यांनींही हा भेद कळतो. तेजस्वी ताऱ्याचा ठिपका भरून वाहूं लागला, कीं चित्रांत तो नुसता पांढरा दिसतो; म्हणून दुर्बीण मुद्दाम थोडी अस्पष्ट करावी, म्हणजे तारा नाण्याएवढा पसरून त्याचा खरा रंग दिसतो. मीं तसें करून चित्र दिवाणखान्यांतील दूरदर्शन संचावर आणलें. सारें घर जमलें होतें. थोरले काका पुढें येऊन बसले, मान कलती करून पाहूं लागले.

"हा कोणता ?" त्यांनीं विचारलें.

"काक्षी," मीं म्हटलें.

"नव्हे. हा निळा आहे."

"काका, यंत्र नवें आहे. कदाचित् यंत्रास दिसतें तेंच—"

"काक्षी मीं सत्तर वर्षें पाहिला आहे. तुझें यंत्र सहा दिवसांचें."

मीं राजन्यावर दुर्बीण नेली. तो तांबडा ! धाकटे काका उठून झोपावयास गेले. मला स्वतःला तर त्या क्षणीं खात्रीच झाली, कीं यंत्र सदोष आहे; परत पाठविण्याचा अर्ज भरावयास मीं बसलोंही. अर्जांत दोषाचें वर्णन लिहावयाचें होतें. तें नेमकें लिहितां यावें म्हणून कॅमेऱ्याबरोबर आलेला कागद उघडला, तों त्यांत स्पष्ट छापलेलें, कीं रंगांच्या झांकणांची पहिली ओळ तांबड्यापासून सुरू होते. झांकणें मांडण्याचे प्रकार चार; आणि संगणकांत मीं निवडला होता तो निळ्यापासून सुरू होणारा ! तांबड्याचें माप निळ्याच्या खातीं आणि निळ्याचें तांबड्याच्या खातीं जमा होत होतें. हिरवें आपल्या जागीं असल्यामुळें एरवीं चित्रांत कांहीं खटकत नव्हतें. खूण बदलली. काक्षी निखाऱ्यासारखा तांबूस झाला. तेव्हां रात्रीचा एक वाजला होता, तरी थोरले काका जागेच होते.

उरलेली परीक्षा थोडक्यांत सांगतां येईल. संधिप्रकाशांत दुर्बिणीच्या तोंडावर काकांचें धुवट धोतर चौपदरी ताणून समप्रकाश चित्रें घेतलीं; त्यांत कांचेवरील धुळीचीं तीन वर्तुळें दिसलीं, तीं भागाकारानें निघून गेलीं. चारी कोपऱ्यांतील तारे गोल होते, म्हणजे सेन्सर तिरपा बसलेला नव्हता.

नवव्या रात्रीं मीं व्याधाच्या चार अंश दक्षिणेस असलेला तारकागुच्छ निवडला. मेसियेच्या यादींत त्याचा क्रमांक 41. त्याची क्रांति दक्षिण 20 अंश 45 कला, म्हणजे तो हैदराबादच्याच पट्ट्यांत पडतो, आणि त्या वेधशाळेच्या तावदानांवर तो काळ्या ठिपक्यांच्या रूपानें उमटलेला असलाच पाहिजे. मध्यरात्रीं तो आमच्याकडे सुमारें 50 अंश वर येतो. एकेक मिनिटाचीं चाळीस चित्रें घेऊन तीं एकावर एक रचलीं. पांढऱ्या-निळसर ताऱ्यांच्या घोळक्यांत मध्यभागीं एक नारिंगी तारा असा उठून दिसला, कीं मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

हें चित्र थोरल्या काकांच्या कामाचें नव्हतें. सुईच्या टोंकाएवढे ठिपके त्यांस दिसत नाहींत. म्हणून शेवटीं दुर्बीण चांगलीच अस्पष्ट करून एक बिघडलेलें चित्र मुद्दाम घेतलें. पडद्यावर फुग्यांसारखीं वर्तुळें पसरलीं. काका बराच वेळ मान फिरवून फिरवून पाहात राहिले. मग त्यांनीं उठून पडद्याच्या बरोबर मध्यावर बोट ठेविलें.

"हा केशरी. बाबांनीं हा काळाच पाहिला असेल."

दुसऱ्या दिवशीं मीं अर्ज फाडून टाकला. मोटरीची दुरुस्ती फाल्गुनांत झाली. तोंवर बागेस शेजाऱ्यांच्या विहिरीवरून पाणी घ्यावें लागलें, आणि तें वरचेवर ऐकावेंही लागलें. थोरल्या काकांस आतां अगस्ती पाहावयाचा आहे. तो आमच्या गच्चीवरून दक्षिणेस जेमतेम 18 अंश वर येतो आणि नेमका परसांतल्या कडुलिंबाच्या फांदीआड जातो. ती फांदी छाटावी कीं दुर्बीण गोठ्याच्या पत्र्यावर न्यावी, याविषयीं घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.