गरम झऱ्याखाली ज्वालामुखी आहे का?

कागल पंचतारांकित एमआयडीसीत भट्टीतून ओतलेले लोखंड लवकरच थिजू लागते. तिथला पायाखालचा काळा खडकही थिजलेला लाव्हाच. वय सुमारे ६.५ कोटी वर्षे. मग आंबा घाट उतरून संगमेश्वरजवळच्या तुरळला गेले, की झऱ्याचे पाणी हात पोळेल इतके गरम कसे? मुले विचारतात, खाली ज्वालामुखी आहे का?

नाही. तो लाव्हा केव्हाच निवला. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते. खाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. तापलेले पाणी भेगांतूनच वर येते. पाण्यात विरघळलेल्या सिलिकावरून खोलवरचे तापमान अजमावता येते, तर हेलियम वायूच्या प्रकारावरून उष्णता ज्वालामुखीची की साध्या खडकाची, हे ओळखता येते.

अल्लाहची कुदरत अफवेने नव्हे, अभ्यासाने उमगते. मात्र मुलांना पाण्यात उतरवण्याआधी ते किती गरम आहे, हे जरूर पाहा.