दिव्यांचे बिनतारी दूरनियंत्रण

दिव्यांचे बिनतारी दूरनियंत्रण : घरातील किंवा घराच्या आवारातील विजेचा दिवा, त्याच्याशी तारेने न जोडलेल्या साधनाच्या साहाय्याने दुरून लावण्याची, मालविण्याची किंवा मंद करण्याची योजना. या योजनेत आज्ञा वाहून नेण्याचे काम रेडिओ तरंग अथवा अवरक्त प्रकाश करतो. दिव्याला लागणारी वीज मात्र नेहमीच्या तारांतूनच येते. म्हणजे बिनतारी असते ती केवळ आज्ञा. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे.

इतिहास : दुरून यंत्रक्रिया घडवून आणण्यासाठी विद्युत् चुंबकीय तरंगांचा उपयोग करण्याच्या आद्य प्रयोगांत जगदीशचंद्र बोस यांचे प्रयोग मोडतात. त्यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडे तरंग पाठवून घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे एक छोटी नौका रेडिओ तरंगांनी चालविली व तिच्यावरील दिवेही दुरून लावून दाखविले. त्याच वर्षी त्यांना या योजनेचे अमेरिकी एकस्व (पेटंट) मिळाले. घरगुती दूरनियंत्रणाचा प्रसार दूरचित्रवाणी संचामुळे झाला. अमेरिकेतील झेनिथ कंपनीसाठी यूजीन पॉली यांनी १९५५ मध्ये प्रकाशझोतावर चालणारे, तर रॉबर्ट ॲड्‌लर यांनी १९५६ मध्ये श्राव्यातीत ध्वनीवर चालणारे नियंत्रक तयार केले. पुढे त्यांची जागा अवरक्त प्रकाशाने घेतली. दिव्यांसाठी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने एक्स-१० ही पद्धती विकसित केली. तीत घरातील वीजतारांतूनच सांकेतिक स्पंद पाठविले जात. संकलित मंडले स्वस्त झाल्यावर रेडिओ तरंगांवर चालणारी साधने सामान्य घराच्या आवाक्यात आली.

प्रकार : (१) अवरक्त नियंत्रक : यात सु. ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य प्रकाश वापरतात व तो बहुधा ३८ किलोहर्ट्‌झ कंप्रतेने खंडित करून पाठवितात. खोलीतील इतर प्रकाशापासून संदेश वेगळा ओळखता यावा, हा त्यामागील हेतू. हा प्रकाश भिंतीतून जात नाही. त्यामुळे त्याचा उपयोग एकाच खोलीपुरता मर्यादित राहतो. (२) साधा रेडिओ नियंत्रक : हा बहुधा ४३३.९२ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालतो व त्याचे तरंग भिंतींतून पलीकडे जाऊ शकतात. (३) जाळ्यावर आधारलेले नियंत्रण : यात वाय-फाय, ब्लूटूथ, झिगबी इ. पद्धती येतात. झिगबीसारख्या पद्धतीत वीजपुरवठ्याला जोडलेले प्रत्येक उपकरण शेजारच्या उपकरणाचा संदेश पुढे पाठवू शकते, त्यामुळे पल्ला वाढतो. वाय-फायवर चालणाऱ्या काही उपकरणांचे काम मात्र निर्मात्याच्या दूरच्या संगणकावर अवलंबून असते. इंटरनेट जोडणी तुटली, तर अशा दिव्याला मोबाइलवरून आज्ञा देता येत नाही.

रचना व कार्य : साध्या रेडिओ योजनेचे प्रेषक व ग्राही असे दोन भाग असतात. प्रेषक हा मुठीत मावणारा व छोट्या विद्युत् घटावर चालणारा असतो. त्याचे बटण दाबले की, संकेतक मंडल ठराविक स्पंदांची मालिका तयार करते आणि आंदोलकाने निर्माण केलेला रेडिओ तरंग त्या मालिकेनुसार चालू-बंद होतो. ग्राहीतील विसंकेतक ही मालिका स्मृतीत साठविलेल्या संकेताशी ताडून पाहतो. दोन्ही जुळल्यास अभिचालित्राच्या (रिलेच्या) वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, स्पर्शक मिटतात आणि दिवा लागतो.

शेजारच्या घरातील बटणाने आपला दिवा लागू नये, म्हणून संकेत पुरेसा वेगळा असावा लागतो. आठ खुंट्या प्रत्येकी तीन स्थितींत ठेवण्याची सोय असलेल्या संकेतकात ६,५६१ संकेत शक्य असतात. वीस द्विमान अंकांचा संकेत असल्यास ही संख्या १०,४८,५७६ होते. असा स्थिर संकेत त्रयस्थाने टिपून घेऊन पुन्हा प्रक्षेपित करणे कठीण नसते. दिव्याच्या बाबतीत यातून फारशी हानी होत नाही. परंतु फाटक किंवा दाराचे कुलूप यांसाठी दर वेळी बदलणारा संकेतच वापरावा लागतो.

कंप्रता व कायदा : भारतात रेडिओ प्रेषकाच्या वापरावर शासनाचे नियंत्रण असते, तथापि अल्पशक्तीच्या साधनांना ठराविक पट्ट्यांत परवान्यातून सूट दिलेली आहे. २.४ गिगॅहर्ट्‌झ व ८६५–८६७ मेगॅहर्ट्‌झ हे पट्टे २००५ मध्ये आणि ४३३–४३४ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा २०१२ मध्ये असा खुला झाला. यांपैकी शेवटच्या पट्ट्यात शक्तीची मर्यादा १० मिलिवॉट आहे. परदेशातील नातेवाइकांनी आणलेली साधने वापरण्यापूर्वी त्यांवरील कंप्रता व विद्युत् दाब वाचणे आवश्यक आहे. उदा., अमेरिकेत विकली जाणारी झेड-वेव्ह उपकरणे ९०८.४२ मेगॅहर्ट्‌झवर चालतात आणि ही कंप्रता भारतात मोबाइल दूरध्वनीच्या पट्ट्यात येते. शिवाय ती १२० व्होल्टसाठी बनविलेली असतात. आपल्याकडील पुरवठा २३० व्होल्टचा आहे.

पल्ला : मोकळ्या जागेत व सारख्याच प्रकारचे आकाशक असताना ग्राहीपर्यंत पोहोचणारी शक्ती कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे सारख्याच शक्तीच्या प्रेषकांपैकी २.४ गिगॅहर्ट्‌झच्या प्रेषकाची पोहोचणारी शक्ती ४३३ मेगॅहर्ट्‌झच्या मानाने सु. एक तिसांश भरते. आकाशकाची लांबीही कंप्रतेवर ठरते. ४३३.९२ मेगॅहर्ट्‌झच्या तरंगाची लांबी सु. ६९ सेंमी. असून पाव तरंगलांबीचा आकाशक सु. १७ सेंमी. भरतो. ग्राहीतून बाहेर आलेली ही तार कापल्यास किंवा ती गुंडाळून लोखंडी पेटीत कोंबल्यास पल्ला एकदम घटतो. साधन नादुरुस्त आहे, असा समज अशा वेळी पुष्कळदा चुकीचा ठरतो.

रत्नागिरीतील परिस्थिती : कोकणातील, विशेषतः रत्नागिरी परिसरातील, घरांची रचना व हवामान यांमुळे या योजनेचे फायदे आणि अडचणी दोन्ही ठळकपणे दिसून येतात. येथील जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची, जाड भिंतींची असतात. अशा भिंतीत नळी बसविण्यासाठी खाच पाडणे खर्चाचे व कष्टाचे असते. शिवाय सच्छिद्र दगडात मुरलेला ओलावा त्या खाचेत उतरतो. गोठा, विहीर, न्हाणीघर व पंपाची खोली घरापासून अलग, पुष्कळदा माडापोफळींच्या पलीकडे असतात. त्यांच्याकडील दिव्यांची बटणेही तेथेच असतात. म्हणजे दिवा लावण्यासाठी आधी अंधारातून जावे लागते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. जांभ्याच्या दगडांखाली राहणारे फुरसे हे विषारी सर्प या भागात आढळते व ते मुख्यतः रात्री हिंडते. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून पाय घसरण्याचे भयही असतेच. अनेक घरांत कर्ती मुले मुंबई-पुण्यास नोकरीला असतात व घरी वृद्ध दांपत्यच उरते. त्यांना ओटीवरून, दाराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच खळ्यातील व विहिरीवरील दिवा लावता येणे, हा या साधनाचा येथील सर्वांत मोठा उपयोग होय.

अडचणींचे मूळ पाण्यात आहे. रत्नागिरीस वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा रेडिओ तरंग अधिक शोषते. ओल्या झाडीचाही तसाच परिणाम होतो. म्हणून पल्ल्याची चाचणी उन्हाळ्यात घेतली असेल, तर ती पावसाळ्यात पुन्हा घ्यावी किंवा सुरुवातीपासूनच पुरेशी तूट गृहीत धरावी. मंगलोरी कौलांचा फारसा अडथळा होत नाही. लोखंडी पत्रा मात्र तरंग परावर्तित करतो. पत्र्याच्या पंपखोलीत ग्राही ठेवावयाचा असल्यास त्याचा आकाशक पत्र्याबाहेर, पावसापासून आडोसा करून काढावा लागतो. खाऱ्या हवेने तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो, रोध वाढतो व जोड तापतात. यासाठी बाहेरील ग्राही झाकणाला रबरी कडे असलेल्या पेटीत ठेवून तारा खालच्या बाजूने आत घ्याव्यात.

उभारणी : ग्राहीला स्वतःच्या कामासाठी सतत थोडी वीज लागते, म्हणून त्याला फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा मिळाल्या पाहिजेत. ज्या फलकावर खटकेदार सॉकेट असते तेथे न्यूट्रल तार उपलब्ध असते. जिन्याच्या किंवा एकेकट्या बटणापाशी ती बहुधा नसते. न्यूट्रलशिवाय चालणारे ग्राही दिव्यातूनच अल्प प्रवाह नेतात; त्यामुळे एलईडी दिवा मालविल्यावरही मिणमिणत राहतो किंवा लुकलुकतो. ग्राहीचा स्पर्शक नेहमी फेज तारेतच असावा. तो न्यूट्रलमध्ये असल्यास दिवा विझतो, पण त्याच्या धारकात विजेचा दाब कायम राहतो.

भिंतीवरील मूळ बटण काढून टाकू नये. द्विमार्गी जोडणी केल्यास प्रेषकाचा घट संपला तरी दिवा हाताने लावता येतो. घरातील प्रत्येकाला ही दुसरी सोय ठाऊक असावी. खंडित पुरवठा पूर्ववत झाल्यावर ग्राही कोणत्या स्थितीत येतो, हेही निवडीच्या वेळी पाहावे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड व दापोली तालुक्यांत विजेचे खांब कोसळून पुरवठा अनेक दिवस बंद होता. अशा वेळी घर बंद करून गेलेल्या माणसाच्या मागे, वीज येताच सर्व दिवे आपोआप लागणारा ग्राही निरुपयोगी ठरतो. पुरवठा परतल्यावर बंद स्थितीत राहणारा ग्राही सामान्यतः इष्ट होय.

भार व खर्च : एलईडी दिव्याच्या मंडलात धारित्र असते व ते भारित होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह वाहतो. एका ग्राहीवर अनेक दिवे जोडल्यास या झटक्याने अभिचालित्राचे स्पर्शक एकमेकांस चिकटतात. मग दिवा बटणाने विझत नाही. पंपाच्या बाबतीत हा धोका मोठा असतो. एक अश्वशक्तीच्या चलित्राचा चालू प्रवाह सु. ५ ते ६ अँपिअर असला, तरी सुरू होताना तो त्याच्या अनेक पट असतो. म्हणून दिव्याच्या ग्राहीवर पंप थेट जोडू नये. ग्राहीने योग्य क्षमतेचा संपर्कक (काँटॅक्टर) व त्याने पंप चालवावा.

ग्राही अर्धा वॉट शक्ती सतत घेत असल्यास वर्षाला सु. ४.४ युनिट वीज खर्च होते. रोज चार तास चालणारा ९ वॉटचा दिवा वर्षाला सु. १३ युनिट घेतो. म्हणजे बिनतारी सोयीसाठी एका दिव्यामागे सु. एक तृतीयांश अधिक वीज लागते. घरातील प्रत्येक दिव्याला ग्राही बसविण्यापेक्षा ज्या दोन-चार दिव्यांमुळे अंधारातील फेरी वाचते त्यांनाच तो बसविणे हिताचे ठरते.

सुरक्षितता : दूरनियंत्रकाने मालविलेला दिवा हा विजेपासून अलग झालेला दिवा नव्हे. स्पर्शक चिकटलेला असू शकतो, अर्धसंवाहक स्विचमधून अल्प प्रवाह झिरपत असतो, तसेच दुसऱ्या खोलीतील व्यक्ती अजाणतेपणी बटण दाबू शकते. दिवा बदलण्यापूर्वी किंवा धारकाला हात लावण्यापूर्वी त्या मंडलाचा मुख्य स्विच बंद करून परीक्षकाने खात्री करून घेतलीच पाहिजे. बाहेरील व ओलसर जागेतील मंडलांवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीप्रवाह खंडक असावा, धातूच्या पेट्यांचे भूयोजन केलेले असावे व जोडणी अनुज्ञप्तिधारक तारतंत्रीकडून करून घ्यावी. कोकणात मॉन्सूनच्या आधी व अखेरीस विजांचा कडकडाट अधिक असतो. वीजतारांतून येणारा उच्च दाबाचा झटका ग्राहीतील संकलित मंडले निकामी करतो. मुख्य फलकावर झटकारोधक बसविल्यास असे नुकसान पुष्कळ अंशी टळते. प्रेषकातील नाण्याच्या आकाराचे लिथियम घट लहान मुलांनी गिळल्यास अन्ननलिकेला थोड्याच तासांत गंभीर इजा होते. त्यामुळे घटाचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे व वापरून झालेले घटही मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत.