गाडी नेमकी कोणाशी बोलते?

तुमच्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांतली कार असेल तर एकदा ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात फिरवून बघा. सोळा पिनांचं एक सॉकेट सापडेल, कधी उघडं, कधी छोट्या झाकणाआड. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. गाडीची प्रदूषण रोखणारी यंत्रणा नीट चालते की नाही हे बाहेरून तपासता यावं म्हणून तो आला. अमेरिकेत १९९६ पासून, आपल्याकडे भारत स्टेज-४ च्या नियमांसोबत २०१० पासून टप्प्याटप्प्याने.

माझ्या पीएचडीचा विषय सेन्सरचे सिग्नल आहे, गाड्या नाहीत. पण काही शे रुपयांचा ब्लूटूथ अडॅप्टर आणून घरच्या गाडीला लावला आणि नाद लागला. (गाईडना अजून सांगितलेलं नाही.) फोनवरून गाडीला विचारायचं, इंजिन किती वेगाने फिरतंय? गाडी दोन आकडे पाठवते. समजा २६ आणि २४८ आले. पहिल्याला २५६ ने गुणा, त्यात दुसरा मिळवा, ४ ने भागा. उत्तर १७२६, म्हणजे मिनिटाला १७२६ फेरे. बस्स, इतकंच. हे सूत्र सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना सारखंच चालतं आणि कोणालाही वाचायला मिळतं, कारण त्यामागे प्रदूषणाचा कायदा उभा आहे.

आता त्याच गाडीला म्हणा, डिझेलचा नवा इंजेक्टर बसवलाय, त्याचा कोड नोंदवून घे. गाडी गप्प. एअरबॅगचा दिवा घालव म्हणा. तरी गप्प.

असं का होतं हे कळायला गाडीच्या आत डोकवावं लागेल. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, दारं यांच्यासाठी वेगवेगळे छोटे संगणक असतात. त्यांच्यातलं बरंचसं बोलणं दोन तारांच्या जोडीवरून चालतं. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली, नाव कॅन बस. महालातल्या जुन्या वाड्याचं अंगण डोळ्यांसमोर आणा. एकाने अंगणात येऊन ओरडायचं, बाकी सगळ्यांनी ऐकायचं, ज्याच्या कामाचं असेल त्याने घ्यायचं. मूळ पद्धतीत निरोपावर विषयाचा क्रमांक असतो, पण तो कोणी पाठवला आणि पाठवणारा खरा की तोतया, हे तपासायची सोयच नाही. १९८६ मध्ये ती गरजही नव्हती. वाड्याचं दार बंद होतं.

मग कंपन्यांनी खोल्यांना कुलपं लावली. दुरुस्तीचं यंत्र जोडलं की गाडी त्याला एक आकडा देते. यंत्राने त्यावर एक गुप्त सूत्र चालवून उत्तर परत द्यायचं. बरोबर आलं तर आतलं दार उघडतं, चुकलं तर थोड्या वेळासाठी प्रयत्नच बंद. सूत्र कंपनीकडे, आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या यंत्रात. मानेवाडा रिंग रोडवरचे आमचे मेकॅनिक काका तीस वर्षं इंजिनं उघडतात. त्यांचं एका वाक्यातलं वर्णन माझ्या सगळ्या परिच्छेदांपेक्षा नेमकं आहे: "पार्ट तर मी बसवून देतो भाऊ, पण गाडी मले वळखतच नाही."

कंपन्या म्हणतात, हे सुरक्षेसाठी आहे. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन अमेरिकन संशोधकांनी चालत्या जीप चेरोकीत, दूर बसून, मोबाइल नेटवर्कमधून शिरून दाखवलं. म्युझिक सिस्टिममधून आत गेले आणि हमरस्त्यावर गाडीची ताकदच काढून घेतली. कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. म्हणजे कुलूप हवंच. पण चोर आले ते कंपनीनेच ठेवलेल्या इंटरनेटच्या दारातून. गॅरेजमधल्या सोळा पिनांतून नाही. शिवाय घराला कुलूप लावणाऱ्याने किल्ली घरमालकाला देऊच नये, हे सुरक्षेच्या कोणत्या नियमात बसतं?

हा प्रश्न आपल्याकडे विचारला गेलाय, आणि उत्तरही मिळालंय. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. टाटा, मारुती, महिंद्रापासून मर्सिडीजपर्यंत. आक्षेप हाच: सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत. ती खुल्या बाजारात द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं आयोगाने बजावलं. कंपन्या वर अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने फोर्ड, निसान आणि टोयोटाचा दंड कमी केला, पण चूक झाली हे मान्य ठेवलं. पुढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टलही आलं, वाहनं त्यात धरून. पोर्टलवर माहिती मिळते. गुप्त सूत्राचं उत्तर मिळत नाही.

इथपर्यंत सगळं वायरवरचं होतं. आता नव्या गाड्यांमध्ये स्वतःचं सिमकार्ड असतं. मेकॅनिक काकांशी न बोलणारी गाडी कंपनीच्या सर्व्हरशी मात्र बोलते: कुठे आहे, किती वेगाने चालली, ब्रेक किती जोरात दाबला. मोझिला फाउंडेशनने सप्टेंबर २०२३ मध्ये २५ कार ब्रँडची खासगीपणाची धोरणं तपासली. पंचवीसही नापास. तुमची संमती बहुधा डिलिव्हरीच्या दिवशीच घेतलेली असते, पेढे आणि फोटोच्या गडबडीत, अ‍ॅपमधल्या एका टिकमार्कवर.

या माहितीला गिऱ्हाईक आहे का? आहे. चालवण्याच्या पद्धतीवर प्रीमियम ठरवायची मुभा विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये दिली. आणि सरकारही या बाजारात उतरून आलंय. आपले नागपूरचे खासदार आणि रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत सांगितलं होतं की 'वाहन' आणि 'सारथी' या नोंदणी आणि लायसन्सच्या माहितीसाठ्यांत ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना प्रवेश दिला, त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले. पुढच्या वर्षी ते धोरण मागे घेतलं गेलं, कारण खासगीपणाचं दिलं. ती तर नुसती कागदावरची नोंद होती. सिमकार्डवाली गाडी रोजची हालचाल लिहून ठेवते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपल्याला माहितीचा सारांश मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि खोडायला लावण्याचा हक्क आहे. पण तीच माहिती उचलून दुसऱ्याला द्यायला लावण्याचा हक्क नाही. मला हीच सगळ्यात मोठी फट वाटते, कारण दुरुस्ती आणि खासगीपणा तिथे एकत्र येतात. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या डेटा कायद्याने नेमका हा हक्क दिलाय: माझ्या यंत्राने तयार केलेली माहिती मी म्हणेन त्याला द्या. तिकडचा गाडीमालक कंपनीला सांगू शकतो की माझ्या गाडीची माहिती माझ्या मेकॅनिकला द्या. आपण फक्त खोडा म्हणू शकतो. खोडल्याने इंजेक्टर चालू होत नाही.

तोवर एक काम आजच करता येईल. सेकंडहँड कनेक्टेड गाडी घेतली असेल तर आरसी नावावर झाली म्हणून थांबू नका. जुन्या मालकाचा फोन अ‍ॅपमधून काढलाय का, हे कंपनीकडून लेखी घ्या आणि स्क्रीनवरून फॅक्टरी रिसेट मारा. नाहीतर तुम्ही धरमपेठेत गाडी लावाल आणि ती कुठे उभी आहे हे जुन्या मालकाला घरबसल्या दिसेल. काही गाड्यांत तर दारही उघडता येईल.