पटावरचा प्रशांत महासागर

मे १९४२च्या पहिल्या आठवड्यात हिरोशिमाच्या उपसागरात नांगरलेल्या ‘यामातो’ या प्रचंड युद्धनौकेवर जपानी आरमाराचे वरिष्ठ अधिकारी चार दिवस एक खेळ खेळत होते. मिडवे बेट घ्यायचे आणि अमेरिकेच्या उरलेल्या विमानवाहू नौकांना तिथे ओढून संपवायचे, या ॲडमिरल यामामोतो यांच्या योजनेची ती नकाशावरची तालीम होती. खेळात मिडवेवरून उडालेल्या अमेरिकी विमानांनी जपानी ताफ्यावर हल्ला चढवला. पंचाने फासे टाकले आणि नऊ बॉम्ब लागल्याचा निकाल दिला. ‘आकागी’ आणि ‘कागा’ या विमानवाहू नौका बुडाल्या. खेळाचे प्रमुख रिअर ॲडमिरल मातोमे उगाकी यांनी मध्ये पडून नऊचे तीन केले. त्यामुळे ‘आकागी’ वाचली, आणि बुडालेली ‘कागा’ पुढच्या मोहिमेच्या खेळात पुन्हा हजर झाली. महिन्याभराने, ४ जून १९४२ रोजी मिडवेजवळ झालेल्या हल्ल्यांत या दोन्ही नौका आणि त्यांच्या जोडीच्या ‘सोर्यू’ व ‘हिर्यू’ जपानने कायमच्या गमावल्या.

हा प्रसंग सहसा असा सांगितला जातो की खेळाने पराभव आधीच दाखवला होता आणि गर्विष्ठ सेनानींनी तो पुसून टाकला. यात निम्मेच तथ्य आहे. ४ जूनच्या सकाळी मिडवे बेटावरून उडालेल्या अमेरिकी विमानांनी हल्ल्यांमागून हल्ले केले, पण त्यांचा एकही बॉम्ब किंवा टॉर्पेडो जपानी विमानवाहू नौकेला लागला नाही. भाकीत म्हणून पाहिले तर फासेच चुकले होते. उगाकींनी ठरवलेले तीनसुद्धा जास्त होते. परंतु त्याच खेळात एक प्रश्न निघाला होता आणि तो खुद्द उगाकींनीच विचारला होता. आपली विमाने बेटावर गेलेली असताना बाजूने शत्रूच्या विमानवाहू नौका आल्या तर काय करायचे? विमानवाहू ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल नागुमो यांच्या अधिकाऱ्यांना त्याचे नेमके उत्तर देता आले नाही, आणि ४ जूनला हाच प्रसंग गुदरला. पहाटे १०८ विमाने मिडवेकडे गेली. उरलेल्या विमानांपैकी बऱ्याच विमानांना जहाजांसाठीचे टॉर्पेडो लावलेले होते. ते काढून जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावा, असा हुकूम नागुमोंनी सव्वासातच्या सुमारास दिला. त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत टेहळणी विमानाने शत्रूची दहा जहाजे दिसल्याचे कळवले. त्यांच्यात विमानवाहू नौका आहे हे कळायला आणखी जवळजवळ तास गेला. साडेदहाच्या सुमारास तीन जपानी नौका पेटलेल्या होत्या. युद्धखेळाकडे भविष्य सांगणारे यंत्र म्हणून पाहणे मला म्हणूनच चुकीचे वाटते. तो निर्णयाची किंमत आधी दाखवतो, आणि ती किंमत ऐकून घ्यायची तयारी असेल तरच त्याचा उपयोग होतो. प्रशांत महासागरातल्या युद्धाइतका याचा भरभक्कम पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

अशा खेळांची आधुनिक परंपरा प्रशियातली. राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४मध्ये नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच यांचा खेळ तिथल्या सैन्यापुढे मांडला. १८८४मध्ये स्थापन झालेल्या न्यूपोर्टच्या अमेरिकी नौदल महाविद्यालयात तो त्याच दशकात पोचला. पुढे तिथे जमिनीवरच चौकटी आखून, छोट्या नौका मांडून आणि दोन्ही बाजूंमध्ये पडदे लावून मोठमोठी युद्धे खेळली जाऊ लागली. पडदा हा या खेळाचा गाभा. बुद्धिबळाच्या पटावर समोरच्याचा वजीर कुठे आहे ते दोघांनाही दिसते; समुद्रावर तसे नसते. १९७७मध्ये निघालेल्या ‘फ्लॅट टॉप’ या पटखेळात प्रत्येक खेळाडू आपले ताफे स्वतःच्या नकाशावर गुपचूप हलवतो, टेहळणी विमाने कुठे पाठवायची ते ठरवतो आणि मिळालेल्या बातम्यांवरून शत्रू कुठे असेल याचा अंदाज बांधतो. वर ढग असतात, विमानांतले इंधन संपत असते, आणि अर्धवट बातमीवर सगळी विमाने पाठवावीत की थांबावे हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. नागुमोंवर पुस्तकातून टीका करणे सोपे आहे. पटावर त्यांच्या जागी बसल्यावर कळते की त्या सकाळी त्यांच्यापुढच्या प्रत्येक वाटेवर धोका होता. हे ज्ञान वाचनातून इतक्या स्पष्टपणे येत नाही, असे मला ठामपणे वाटते.

अंतराचेही तसेच. ‘वॉर इन द पॅसिफिक: ॲडमिरल्स एडिशन’ हा २००९चा संगणकावरचा खेळ डिसेंबर १९४१पासून एकेका दिवसाने पुढे सरकतो, आणि दोन खेळाडू ई-मेलवरून तो वर्षानुवर्षे खेळत राहतात. त्याचा नकाशा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून थेट मुंबई-कराचीपर्यंत पसरलेला आहे. हा विस्तार यथार्थ आहे, कारण एप्रिल १९४२मध्ये जपानी विमानवाहू नौका खरोखर हिंदी महासागरात आल्या होत्या. त्यांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले, ब्रिटिशांची ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका बुडवली. विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावरही तेव्हा बॉम्ब पडले. खेळात जपानची बाजू घेणाऱ्याला या मोहिमेचा मोह होतोच. मग तेलाचा हिशेब पुढे येतो. तिकडे गेलेला ताफा परत आणायचा, माणसांना विश्रांती द्यायची, विमाने भरून काढायची आणि पुन्हा हजारो किलोमीटर पूर्वेला न्यायचा. सिलोनवर हल्ला करणाऱ्या पाच मोठ्या विमानवाहू नौकांपैकी ‘शोकाकू’ आणि ‘झुइकाकू’ मेमध्ये कोरल समुद्रातल्या लढाईला गेल्या. एक जखमी झाली, दुसरीची विमाने घटली, आणि मिडवेच्या दिवशी दोन्ही नव्हत्या.

अमेरिकेलाही हे अंतर खेळातूनच उमगत गेले. जपानशी युद्ध झाले तर काय करायचे याच्या योजनेला ‘ऑरेंज’ हे नाव होते. तिच्यातला एक जुना आणि आकर्षक विचार असा की सगळा ताफा घेऊन थेट फिलिपिन्सला धडक मारायची. पर्ल हार्बर ते मनिला हे अंतर साडेआठ हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. न्यूपोर्टच्या चौकटींवर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हा प्रवास पुन्हा पुन्हा झाला, आणि ताफा पोचायचा तोच थकलेला, वाटेत मार खाल्लेला, इंधनाला महाग झालेला. दुरुस्तीला गोदी नसायची आणि ताज्या दमाचे जपानी आरमार समोर उभे असायचे. १९३०च्या दशकात योजना हळूहळू बदलली. मार्शल आणि कॅरोलाइन बेटांतून टप्प्याटप्प्याने जायचे, प्रत्येक टप्प्यावर तळ उभारायचा, तेलवाहू जहाजे आणि तरंगत्या गोद्या बरोबर न्यायच्या. पुढे खरोखर तसेच झाले: नोव्हेंबर १९४३मध्ये तरावा, १९४४च्या सुरुवातीला मार्शल बेटे, जूनमध्ये मेरियाना. युद्धात अमेरिकेच्या प्रशांत ताफ्याचे प्रमुख असलेले ॲडमिरल निमित्झ १९२२-२३मध्ये न्यूपोर्टला शिकत होते. युद्धानंतर त्यांनी सांगितले की हे युद्ध तिथे इतक्या परींनी खेळून झाले होते की कामिकाझे हल्ले सोडले तर आपल्याला कशाचेच आश्चर्य वाटले नाही.

निमित्झ यांच्या या विधानावर मात्र आक्षेप घेतला पाहिजे, कारण ते उपकृत विद्यार्थ्याच्या कौतुकाने बोलले होते. ८-९ ऑगस्ट १९४२च्या रात्री साव्हो बेटाजवळ जपानी क्रूझरांनी अमेरिकेच्या तीन आणि ऑस्ट्रेलियाची एक अशा चार जड क्रूझर बुडवल्या. रात्रीच्या लढाईत जपानी खलाशी किती तरबेज आहेत आणि त्यांचा ऑक्सिजनवर चालणारा टॉर्पेडो किती लांब जातो, हे न्यूपोर्टला ठाऊक नव्हते. स्वतःच्या टॉर्पेडोबद्दलही तीच गत. अमेरिकी पाणबुड्यांचा मार्क १४ ठरवलेल्या खोलीच्या खालून जायचा, लागला तरी अनेकदा फुटायचा नाही, आणि हे दोष निस्तरेपर्यंत १९४३ उजाडून सरत आले. कोणत्याच खेळाने हे आधी सांगितले नाही, कारण खेळ रचणाऱ्याला जे माहीत नाही ते नियमांत येऊच शकत नाही. या मर्यादेवर कितीही हुशारीने मात करता येणार नाही. म्हणूनच ‘खेळात जिंकलो’ या वाक्याला पुरावा मानू नये. अंतर, इंधन, गोद्यांची संख्या, जहाजे बांधायचा वेग या मोजता येणाऱ्या गोष्टींबाबत मात्र न्यूपोर्टचे खेळ बरोबर ठरले, आणि मोठी युद्धे बहुतांशी याच गोष्टींवर फिरतात.

ग्वाडलकॅनाल बेट हे त्याचे उदाहरण. ऑगस्ट १९४२मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांनी तिथली अर्धवट जपानी धावपट्टी घेतली आणि तिला हेंडरसन फील्ड हे नाव दिले. जपानी विमाने राबाउलच्या तळावरून यायची. हे अंतर हजार किलोमीटरांच्या वर, जवळजवळ मुंबई-दिल्लीइतके. एवढे उडून बेटावर थोडी मिनिटे लढायचे आणि तेवढेच परत जायचे. वाटेत बिघाड झाला की वैमानिक गेलाच. दिवसा हेंडरसनवरची विमाने संथ मालवाहू जहाजांना जवळ येऊ देत नसत, म्हणून जपानी सैन्य रात्री वेगवान विनाशिकांवरून उतरवावे लागे. विनाशिकेत माणसे मावतात. जड तोफा आणि महिन्याचा तांदूळ मावत नाही. पटावर ही मोहीम खेळणारा लढायांच्या मोहाने सुरुवात करतो आणि चार-सहा डावांत रसदीच्या तक्त्यावर येऊन अडकतो. प्रत्यक्षात तिथे वीस हजारांहून अधिक जपानी सैनिक मेले, त्यांतला मोठा भाग उपासमारीने आणि रोगाने.

या आकड्याशीच सर्वांत गंभीर आक्षेप जोडलेला आहे. हजारो माणसांचे मरण सोंगटी उलटी करून दाखवायचे, हे अमानुष नाही का? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. हिवतापाने तडफडणारा शिपाई पटावर दिसत नाही, आणि लढाईचा थरार तेवढा विकणारे खेळही पुष्कळ निघतात. तरीही मला उलटी बाजू जास्त वजनदार वाटते. युद्धाचा निर्णय घेणाऱ्या खोलीत शिपाई कधीच नसतो. तिथे नकाशा आणि उत्साह असतो. त्या उत्साहापुढे हिशेब ठेवणारा खेळ हा अडथळा आहे. टोकियोत १९४०मध्ये मंत्रिमंडळाच्या अखत्यारीत समग्र युद्ध संशोधन संस्था स्थापन झाली होती. सैन्य, आरमार, सरकारी खाती आणि खासगी कंपन्यांतून निवडलेल्या तिथल्या तरुणांनी १९४१च्या उन्हाळ्यात स्वतःचे प्रतिमंत्रिमंडळ बनवून अमेरिकेशी युद्ध खेळून पाहिले. सुरुवातीला विजय, मग लांबत जाणारे युद्ध, बांधली जातात त्याहून जास्त बुडणारी मालवाहू जहाजे, दक्षिणेतून न पोचणारे तेल, शेवटी सोव्हिएत संघाचा प्रवेश आणि पराभव, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऑगस्ट १९४१च्या अखेरीस तो पंतप्रधान कोनोए आणि युद्धमंत्री तोजो यांच्यापुढे मांडला गेला. युद्ध कागदावरच्यासारखे चालत नाही, पूर्वीच्या रशिया-जपान युद्धात रशियाला हरवू असेही कुणाला वाटले नव्हते, अशा आशयाचे उत्तर तोजोंनी दिले. त्यांचे म्हणणे तर्काला सोडून नव्हते. युद्धात अनपेक्षित घडतेच. पण टनांचा हिशेब अनपेक्षिताच्या भरवशावर सुटत नाही. युद्धाच्या आरंभी जपानकडे सुमारे साठ लाख टनांची मालवाहू जहाजे होती. शेवटी त्यातली एक तृतीयांशही उरली नाहीत.

खेळाडूला इतिहास आधीच ठाऊक असतो, मग खेळण्यात अर्थ काय, असेही विचारले जाते. मिडवेला काय झाले हे जाणणारा जपानी खेळाडू ताफा विखुरणार नाही, हे खरे. तरी पडदा असलेल्या खेळात ही जाण फार पुरत नाही, कारण समोरचाही इतिहासाप्रमाणे वागत नाही. फाशांबद्दल शंका असेल तर उपाय सरळ आहे: एकदा खेळून निष्कर्ष काढू नये. वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या अभ्याससंस्थेने तैवानवरच्या चिनी आक्रमणाचा खेळ २४ वेळा खेळून त्याचा अहवाल जानेवारी २०२३मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक डावांत आक्रमण फसले. पण अमेरिका आणि जपानने डझनावारी जहाजे व शेकडो विमाने गमावली, अमेरिकेच्या बहुधा दोन विमानवाहू नौकाही बुडाल्या, आणि जपानमधले तळ वापरायला मिळणे निर्णायक ठरले. अनेकांना यातले ‘चीन हरला’ एवढेच लक्षात राहिले. अशी बातमी यापुढेही येत राहील, कारण प्रशांत महासागर पुन्हा पटावर मांडला जातो आहे. ती वाचताना विजेता कोण हे पाहण्याआधी खेळ किती वेळा झाला, पंच कोणाच्या नोकरीत होता आणि कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या होत्या, हे पाहावे. सीएसआयएसच्या अहवालात ही गृहीतके उघडपणे छापलेली आहेत; वाचायला सुरुवात तिथूनच करावी.