विश्लेषण : आइस हॉकी संघात जागा रिकाम्या का ठेवतात?
आइस हॉकीच्या पुरुष जागतिक स्पर्धेत अनेक देश मुद्दाम अपुरा संघ घेऊन उतरतात. कमाल २५ नावे देता येतात. त्यांत ३ गोलरक्षक. पण एकदा नोंदवलेले नाव बदलता येत नाही, खेळाडू जखमी झाला तरी! शिवाय स्पर्धा मे महिन्यात, नेमकी अमेरिका-कॅनडातील ‘एनएचएल’ लीगची बाद फेरी रंगात असताना. म्हणून प्रशिक्षक जागा राखतात आणि आपल्या खेळाडूचा क्लब हरण्याची वाट पाहतात. जुगारच हा. २०२४ मध्ये यजमान चेक प्रजासत्ताकाला तो फळला. १७ मे रोजी बोस्टन ब्रुइन्स बाद झाला आणि डेव्हिड पास्टरनाक प्रागला पोहोचला. २६ मेच्या अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडविरुद्ध तिसऱ्या सत्रापर्यंत गोल नव्हता. ती कोंडी पास्टरनाकनेच फोडली. चेक संघ २-० असा जिंकला, १४ वर्षांनी.